कोसचा कुंभ, तेरची पांढरी

आपल्याकडच्या घागरीला कान नसतो. तिला काठ असतो, गळा असतो, पोट असते. ती चुंबळीवर बसते, कमरेवर टेकते, उतरंडीत एकीवर एक रचली जाते. म्हणून नेवासे, तेर, जुन्नर, घारापुरी अशा ठिकाणी मातीच्या दोन गोल कांड्या शेजारी-शेजारी चिकटवून केलेला लांब कान खापरांच्या ढिगात निघतो, तेव्हा जाणत्याचा हात तिथेच थांबतो. ही आपल्या कुंभाराची रीत नव्हे. हा कान समुद्रापलीकडून आला आहे.

ज्या भांड्याचा तो कान, त्याला अँफोरा म्हणतात. उंच, सडपातळ, अरुंद गळ्याचा, दोन्ही बाजूंनी कान असलेला आणि खाली बैठक नसलेला, निमुळत्या टोकाचा कुंभ. जमिनीवर तो उभा राहत नाही, आणि त्याने उभे राहावे अशी अपेक्षाही नव्हती. गलबताच्या पोटात खालच्या रांगेतल्या कुंभांच्या खांद्यांमध्ये वरच्या रांगेची टोके बसवत गेले की सगळा माल एकमेकांना धरून राहतो. ओतताना तेच टोक तिसऱ्या कानासारखे हातात येते. आतून त्याला पाइनच्या राळेचा काळा लेप दिलेला असे, नाहीतर कच्च्या मातीने निम्मे मद्य पिऊन टाकले असते. तोंडात बूच ठोकून वर चुन्याच्या गाऱ्याने लिंपत. एका कुंभात साधारण पंचवीस-सव्वीस लिटर मद्य मावे.

दोन कांड्यांच्या कानाची ही घडण कोस या ग्रीक बेटाची. एजियन समुद्रातले, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचे हे बेट वैद्यक जाणणाऱ्यांना हिप्पोक्रेटिसचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. प्राचीन व्यापाऱ्यांना ते ठाऊक होते मद्यासाठी. कोसचे लोक द्राक्षरसात समुद्राचे पाणी मिसळत. त्याने मद्य टिकाऊ होई आणि त्याला वेगळी चव येई. हे मद्य इतके चालले की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमचा केटो आपल्या शेतीच्या पुस्तकात कोसचे मद्य इटलीतच कसे करावे याची कृती देतो. पुढे इटलीच्या कंपानिया भागातले, म्हणजे व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याचे, मळेवाले कोसच्या मद्याबरोबर कोसचा कुंभही उचलतात. हाइनरिश ड्रेसेल या जर्मन विद्वानाने १८९९ साली अँफोरांच्या आकारांचा तक्ता छापला. त्यातले दोन ते चार हे क्रमांक याच घराण्याचे आहेत. कंपानियातला कुंभ ओळखायचा तो त्याच्या मातीतल्या ज्वालामुखीच्या काळ्या रेतीवरून. भारतात सापडलेल्या कुंभांमध्ये या काळ्या रेतीच्या मातीचेच अधिक आहेत. माती इटलीची असली तरी आकार ग्रीक, मूळ मद्य ग्रीक, आणि ते आणणारे खलाशीही बहुतेक ग्रीक बोलणारेच. या कुंभाला ग्रीक म्हणताना मला संकोच वाटत नाही.

नेपल्सच्या उपसागरावरून निघालेला कुंभ गोदाकाठी कसा पोहोचला, हा प्रवास टप्प्याटप्प्याने सांगता येतो. आधी इजिप्तमधले अलेक्झांड्रिया. तिथून होड्यांनी नाईल नदीवरून वर कोप्टोसपर्यंत. कोप्टोसहून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठी मायोस होर्मोस किंवा बेरेनिके या बंदरांत. ही वाळवंटातली वाहतूक करणाऱ्या निकानोर नावाच्या कुटुंबाच्या पावत्या हाती आल्या आहेत. पहिल्या शतकातल्या या पावत्या फुटक्या मडक्यांच्या खापरांवर शाईने लिहिलेल्या आहेत आणि पोचवलेल्या मालात मद्यही आहे. बेरेनिकेच्या जकातनाक्यावरचे मद्याचे परवानेही अशाच खापरांवर सापडले. पपायरसचा कागद महाग होता आणि खापर फुकट, म्हणून त्या लोकांचा हिशेब आजवर टिकला.

जुलैच्या सुमाराला तांबड्या समुद्रातून शिडे उभारली की नैर्ऋत्य मोसमी वारा जहाजांना आपल्या किनाऱ्याकडे ढकलत आणी. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो की त्याच्या काळी मायोस होर्मोसहून भारताकडे वर्षाला १२० जहाजे निघत. ती कुठे लागत, काय उतरवत आणि काय भरून नेत, याची खडान्‌खडा माहिती देणारे एक पुस्तक उरले आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने आपण ते ओळखतो. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याने स्वतःचे नाव दिलेले नाही, पण माणूस बाजारात मुरलेला आहे. बारीगाझा म्हणजे भडोच इथे काय खपते याची यादी तो सुरू करतो ती मद्यापासून: आधी इटलीचे, मग लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. मग तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. राजासाठी वेगळा नजराणा: चांदीची भांडी, गाणारी मुले, देखण्या दासी, उंची मद्य, तलम वस्त्रे आणि सुगंधी तेले. हा राजा म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या जावयाचे, उषवदाताचे शिलालेख आहेत आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत.

त्याच पुस्तकात मला सर्वांत जिवंत वाटणारी ओळख कल्याणची आहे. लेखक सांगतो की थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण रीतसर बाजारपेठ होती. पुढे ती दुसऱ्याच्या हाती गेली, अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तिथे लागलेले ग्रीक जहाज आता पहाऱ्यात भडोचला नेले जाते. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याची ही बंदरातून दिसलेली बाजू. त्या झगड्याचा शेवट १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे मातीतून वर आला. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठिकाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जहाजे कोणत्या बंदरात लागणार यावर जकात कुणाची हे ठरत होते, आणि जकातीसाठी राज्ये लढत होती. नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहताना हा समुद्र डोळ्यांपुढे आणावा.

भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे पेरिप्लस सांगते. पैठणहून गोमेद येतो. तगरहून भरपूर जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल, शिवाय पूर्वेकडच्या किनारी मुलखातून तिथे जमा झालेला माल. आणि हे सगळे बैलगाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून. भरलेला एक कुंभ चाळीस किलोच्या आसपास भरतो. परतीच्या रिकाम्या गाड्यांत असे किती कुंभ वर आले असतील, घाटात किती फुटले असतील, सांगता येत नाही. पण नेवासे आणि तेर इथे खापरे सापडतात, त्या अर्थी मद्य किनाऱ्यावर बुधल्यांत ओतून घेऊन कुंभ तिथेच टाकला, असे दर वेळी होत नव्हते. काही कुंभ रिकामे होऊनही पाण्यासाठी, धान्यासाठी विकत घेतले गेले असावेत. राळेचा लेप दिलेले, न पाझरणारे भांडे कोण फेकून देईल?

तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी जुन्नर म्हणे, कोणी दौलताबाद, कोणी धारूर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, त्याचे मूळ या तेरणाकाठच्या गावात होते. धाराशिव जिल्ह्यातले हे तेर वारकऱ्यांना दुसऱ्याच कारणाने पवित्र आहे: हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींची कच्ची-पक्की मडकी थापटून पाहणाऱ्या गोरा कुंभाराच्या गावातच ग्रीक कुंभाचे खापर निघावे, हा योग मला फार मोठा वाटतो. गोरोबांच्या चाकाच्या हजार-बाराशे वर्षे आधी तेरच्या कुंभारांनी हे परके कान पाहिले होते. त्यांनी कानाचा कुंभ आपलासा केला नाही. पण रोमन नाण्यांचे मातीचे छाप काढून, वर दोऱ्यासाठी भोक ठेवून, गळ्यात घालायची पदके मात्र केली. दोन साच्यांत दाबून पोकळ मूर्ती घडवायचे तंत्रही तेर-पैठणच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांत दिसते, आणि ते पश्चिमेकडून आले असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

देवघेव एकेरी नव्हती. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात अमेदेओ माय्युरी यांना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना लहान दासी. ती भारतीय होती हे उघड होते. कुठली, हा प्रश्न होता. पुढे तेरला तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि १९७३ साली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांना अशाच मूर्तीचा खालचा भाग सापडला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या माणसांनी सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दाने दिल्याचे लेख आहेत. पाँपेईची ती मूर्ती दख्खनच्या कारागिराच्या हातची, या मताला त्यामुळे बळ आले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसचा स्फोट झाला आणि मूर्ती राखेखाली गेली. ज्या डोंगराच्या काळ्या रेतीचे कुंभ गोदेच्या खोऱ्यात येऊन फुटले, त्याच डोंगराच्या पायथ्याला मराठवाड्याची हस्तिदंती स्त्री पुरली गेली. इतिहासात याहून सुंदर फिटंफाट मी वाचलेली नाही.

हे खलाशी-व्यापारी फक्त माल टाकून निघून गेले, असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा स्वतःला धर्मदेवाचा पुत्र आणि उत्तरेकडचा यवन म्हणवतो. हे सगळे जहाजावरचे ग्रीक नव्हते; बरेच जण वायव्येकडून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले असणार. पण दूरच्या माणसाला इथे परके मानले गेले नाही, आणि त्यानेही दान इथल्याच धर्माला आणि इथल्याच डोंगराला दिले.

या कुंभांचा शोध कसा लागला, ही गोष्ट त्यांच्या प्रवासाइतकीच सांगण्यासारखी आहे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला उत्खनन केले. तिथल्या इटालियन भांड्यांच्या तारखा युरोपात आधीच पक्क्या झालेल्या होत्या. त्यांच्या आधाराने सोबतच्या भारतीय खापरांनाही तारखा मिळाल्या. परदेशी खापर म्हणजे थराचे वय सांगणारा साक्षीदार, ही दृष्टी तेव्हा रुजली. पुढे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांच्यासह नेवाशाची लाडमोड टेकडी खणली. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या पायाखाली अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर निघाले. त्यांतल्या एका थराला सांकलियांनी ‘इंडो-रोमन’ असे नाव दिले, आणि त्या नावामागे अँफोराची खापरे होती. तेरला १९५८ साली बा. ना. चापेकरांनी खणले. त्या काळी उत्खनकांनी अशी खापरे दिसली की उत्साहाने ‘रोमन अँफोरा’ अशी नोंद केली, आणि ती खापरे पेट्यांत गेली.

पन्नासएक वर्षांनी त्या पेट्या पुन्हा उघडल्या. एलिझाबेथ लायडिंग विल या अमेरिकन विदुषीने भारतातले कोसचे आणि कंपानियाचे कुंभ वेगळे काढले होते. पुढे ब्रिटनच्या रोबर्टा टोंबर यांनी देशभरातल्या संग्रहांतली खापरे हातात घेऊन तपासली. २००७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष धक्का देणारा होता. रोमन म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी बरीच रोमन नव्हतीच. ती इराण-इराकच्या बाजूने, पर्शियन आखातातून आलेल्या, कान नसलेल्या लांबट रांजणांची होती. त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात. त्यांच्या आतला काळा लेप राळेचा नव्हे, डांबराचा. आणि हे रांजण रोमच्या व्यापारानंतरही कितीतरी शतके येत राहिले होते. घारापुरीच्या किनाऱ्यावर तर दोन्ही घराण्यांची खापरे आहेत.

काहींना यात सांकलियांच्या पिढीची चूक दिसते. मला त्यांची थोरवी दिसते. त्यांनी नाव चुकीचे दिले असेल, पण खापर फेकले नाही. कोणत्या थरातून, किती खोलीवरून आले ते लिहून ठेवले. म्हणून दुसऱ्या पिढीला ते पुन्हा वाचता आले आणि अरबी समुद्राचा इतिहास रोमपुरता न राहता आखाताच्या बाजूनेही उघडला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंचे वैभव वेगळे: समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती आणि तिच्याबरोबरची सुरई कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे आणि लोक ती पाहायला जातात. मातीच्या कानापुढे कोणी थांबत नाही. पण ब्राँझची सुरई पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, भेट दिली जाते, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते; ती कधी आली हे सांगणे कठीण. मातीचा कुंभ फुटला की फुटला. तो जिथे फुटला तिथे आणि जवळपास त्याच काळात मातीत जातो. इतिहासकाराला मातीचा कुंभच अधिक खरे सांगतो.

आता हे सगळे वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला का सांगायचे? जामच्या चौकात नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा आणि वर्ध्याचा रस्ता मिळतो. दिवसरात्र ट्रक उत्तरेतून दक्षिणेत जातात. उत्तर भारतातून गोदावरीकडे उतरायचे तर विदर्भ ओलांडावाच लागतो, आणि तो आजच ओलांडला जातो असे नाही. याच जिल्ह्यात धाम नदीकाठच्या पवनारला १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठासाठी उत्खनन केले आणि सातवाहन काळाची वस्ती उजेडात आणली. वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कौंडिण्यपुरात मो. गं. दीक्षितांनी १९६२ ते १९६४ या काळात खणले. नागपूर जिल्ह्यातल्या अडमला अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली. पेरिप्लसच्या लेखकाने ज्या तगरला पूर्वेकडून माल येतो असे लिहिले, त्याच्या पूर्वेचा आणि ईशान्येचा मुलूख हा आहे.

आणि आपल्या गावोगाव पांढरी आहे. जुन्या वस्तीची ती राखाडी, भुसभुशीत माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरभरून नेली जाते. रस्त्याच्या भरावासाठी जेसीबी लावून टेकाडेच्या टेकाडे उचलली जातात. तेरमध्ये हेच होत असताना गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीवर सापडणारी खापरे, मणी, मूर्ती, नाणी वेचून जपली. ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभे आहे आणि प्राचीन दख्खनवर लिहिणाऱ्या अभ्यासकाला त्या गावी जावेच लागते.

जाम, समुद्रपूर, हिंगणघाटच्या पंचक्रोशीतल्या मंडळींना म्हणून एक विनंती आहे. पांढरीवर, नदीच्या दरडीत, विहिरीच्या खोदकामात दोन कांड्यांचा कान किंवा भरीव निमुळते बूड दिसले, तर ते उचलण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. गाव, शेत आणि खोली कागदावर लिहा. मग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि खापराच्या आतल्या बाजूला काळा थर असेल तर तो घासू नका, धुऊ नका. तो राळेचा की डांबराचा हे प्रयोगशाळेत कळते, आणि तेवढ्यावरून तो कुंभ भूमध्य समुद्राकडून आला की आखाताकडून, हे ठरते.